लोहचुंबकाचा रोजनामा

आमच्या शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी त्यातले पाणी मोजून वहीत मांडायचे काम मी मुलांना पाळीपाळीने देतो. गेल्या श्रावणात एका मुलाने तीन दिवसांचे आकडे घरी बसूनच लिहिले. आकडे इतके सुबक, की मीही खाली सही ठोकली! पुढे त्यानेच रडत रडत सारे सांगितले. मी रागावलो खरा. पण सही तर माझी होती. त्या दिवशी धडा बाजूला ठेवून मी मुलांना कुलाब्याची हकीकत सांगितली.

मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची, कंपनी सरकारच्या अमदानीतली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. आपले केरूनाना छत्रे तरुणपणी तेथेच नोकरीला होते. काम मोठे कंटाळवाणे. टांगलेला लोहचुंबक किती हलला ते डोळ्यांनी वाचायचे आणि वहीत उतरवायचे. तासातासाला, दिवसा नि रात्री.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डाग रेखाटीत असता त्याला डागांच्या पुंजक्यावर झळझळीत तेज दिसले. पाचेक मिनिटांत ते मावळलेही. पण त्या स्फोटाबरोबर सुटलेला विद्युतभारित वायूचा लोट पंधरा कोटी किलोमीटर ओलांडून सतरा-अठरा तासांत पृथ्वीवर आदळला. अमेरिकेत बॅटऱ्या सोडवूनही तारायंत्रे चालली!

मुंबईत तेव्हा दिवस होता. आकाशात दिसण्याजोगे काही नव्हते. बिथरला तो फक्त कुलाब्याचा चुंबक. तिथल्या माणसांनी तासाचा नेम मोडला आणि पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी वाचन केले. चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्या वहीत आहे. इतरत्र कित्येक ठिकाणी नोंद मोजपट्टीबाहेर गेली होती. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना प्रभृती शास्त्रज्ञांनी ते वादळ केवढे होते हे ठरवले, ते कुलाब्याच्या याच आकड्यांवरून. वादळाला नाव मात्र कॅरिंग्टनचे पडले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येण्याची चिन्हे दिसली. विजेच्या प्रवाहाने चुंबक चळणार, म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी १९०४ साली चुंबकीय नोंदींचे बिऱ्हाड अलिबागेला हलवले. आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी ठेवल्या, साखळी तुटू नये म्हणून. केरूनानांचे नागाव तेथून हाकेच्या अंतरावर!

हे सारे कशासाठी? १९८९ च्या मार्चमध्ये अशाच, पण लहान वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांतात साठ लाख माणसे नऊ तास अंधारात बसली. आज उपग्रह आणि विजेच्या लांबलचक तारा यांच्यावर आपला संसार चालतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी, त्या वादळाच्याच तिथीला, भारताचे आदित्य-एल१ यान सूर्याचे वेध घेण्यासाठी निघाले. पण उद्याचे वादळ केवढे, हे ताडून पाहायला कालची खरी नोंद लागते.

हकीकत संपल्यावर तो मुलगा वही घेऊन आला. त्या तीन दिवसांपुढे आता ‘नोंद नाही’ असे लिहिले आहे. खाली माझी सही आहे.