ब्रुकवूडची माती

कामरगाव, कारंजा, मूर्तिजापूर हा आमचा मुलूख कापसाचा. वऱ्हाड-नागपूरच्या कापसाच्या भरवशावर जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, हे आमच्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. त्या जमशेटजींना शेवटी माती कुठे मिळाली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. 1904 मध्ये ते जर्मनीत वारले आणि लंडनजवळच्या ब्रुकवूड कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. मृतदेह शांतिमनोऱ्यावर ठेवण्याची पारशांची रीत विलायतेत पाळणार कुठे? याच कब्रस्तानात कुरआनचे दोन नामवंत इंग्रजी अनुवादकही विसावले आहेत, म्हणून या जागेची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या चर्चच्या आवारांत मुडद्यांना जागा उरली नव्हती. त्यात कॉलऱ्याची साथ. तेव्हा पार्लमेंटने 1852 मध्ये कायदा करून एका कंपनीला शहराबाहेर दफनभूमी काढू दिली. ती 1854 मध्ये सुरू झाली. वॉटर्लू स्टेशनजवळून मय्यतीसाठी खास आगगाडी सुटत असे. शवपेटीचे तिकीट अर्थातच एकमार्गी. पण या गाडीतही पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते, आणि अँग्लिकन पंथाची मय्यत वेगळी, इतरांची वेगळी. कब्रस्तानात दोघांची स्टेशनेही निराळी! सर्वांना खुली म्हणवणारी जागा अशी भेद पाळतच उभी राहिली. तरी तिचा एक गुण मानावा लागेल: इतरांना तिने फाटकाबाहेर ठेवले नाही. 1860च्या दशकात पारशांना तिथे जागा मिळाली. 1880च्या दशकात मुसलमानांसाठी जमीन घेतली ती डॉ. लाइटनर यांनी. हे हंगेरीतल्या यहुदी घराण्यात जन्मलेले विद्वान. भोपाळच्या शाहजहान बेगमसाहिबांच्या मदतीने 1889 मध्ये जवळच्या वोकिंग गावात मशीद बांधणारेही तेच. त्यांची कबरही ब्रुकवूडलाच आहे.

मार्माड्यूक पिकथॉल पाद्र्याचे चिरंजीव. 1917 मध्ये त्यांनी इस्लाम जाहीरपणे स्वीकारला, 1920 ते 1924 मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादन केले आणि पुढे ते हैदराबादेत निजामाच्या नोकरीत गेले. निजामाने त्यांना पगारी रजा दिली आणि 1930 मध्ये त्यांचा कुरआनचा अनुवाद प्रसिद्ध झाला. 1902च्या करारानुसार आमचे वऱ्हाड ज्या दरबाराने इंग्रजांना कायम पट्ट्याने दिले होते, त्याच दरबाराच्या पैशावर हे काम झाले. 19 मे 1936 रोजी पिकथॉल गेले. जमशेटजींची तारीखही 19 मेच.

अब्दुल्ला यूसुफ अली यांची कहाणी अधिक जिव्हारी लागते. दाऊदी बोहरा घराण्यातला हा मुलगा मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकला, केंब्रिजला गेला, आय.सी.एस. झाला. 1934 पासून लाहोरहून त्यांचा कुरआनचा अनुवाद टीपांसह निघू लागला, आणि आज इंग्रजी वाचणाऱ्या किती मुस्लिम घरांत तो आहे याची मोजदाद नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने त्यांनी व्याख्याने दिली, सरकारी किताब मिळवला. आम्हाला ती निष्ठा पटत नाही; पण तिची किंमत त्यांनी काय मोजली! दोन्ही लग्ने मोडली, मुलांशी संबंध तुटले. डिसेंबर 1953 मध्ये, ऐन थंडीत, हा ऐंशी ओलांडलेला विद्वान लंडनच्या रस्त्यावर बेवारस सापडला. 10 डिसेंबरला इंतकाल झाला. मय्यत न्यायला घरचे कोणी आले नाही. दफनाची तजवीज पाकिस्तानच्या वकिलातीने केली. कबर मिळाली ती पिकथॉल यांच्या जवळच.

'स्पिरिट ऑफ इस्लाम' लिहिणारे न्यायमूर्ती सय्यद अमीर अली (मृत्यू 1928) शिया होते. तेही तिथेच आहेत. लिव्हरपूलला मशीद काढणारे अब्दुल्ला क्विलियम तिथे आहेत, आणि 1987 मध्ये लंडनमध्ये गोळी घातलेले पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली हेही. टाटांचे भाचे, कम्युनिस्ट खासदार शापुरजी साकलातवाला यांची रक्षा पारशी भागात पुरली आहे.

आता आमच्याकडे पाहावे. मय्यत उठण्याआधी मसलक विचारला जातो. नमाज कोणाच्या मागे पढायची यावर जनाजा अडतो आणि कब्रस्तानाच्या फाटकावर जमातीची यादी काढली जाते. जमातीतून काढून टाकण्याविरुद्ध मुंबई सरकारने 1949 मध्ये कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. यूसुफ अलींच्याच बिरादरीत जन्मलेले आणि धर्मपीठाने बहिष्कृत केलेले डॉ. असगर अली इंजिनिअर 2013 मध्ये वारले. त्यांचे दफन मुंबईत सांताक्रूझच्या सुन्नी कब्रस्तानात झाले.