बिल्ला, शेरा आणि उतारा

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या परिसरात रुग्णवाहिकेवर चालकाची नोकरी मागायला आलेल्या माणसाच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये लायसन्सची झेरॉक्स असते, डॉक्टरांनी सही-शिक्का दिलेला फिटनेसचा फॉर्म असतो, पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र असतं आणि मालक चोखंदळ असेल तर लायसन्सचा उतारा असतो. आरटीओच्या आवारात त्याला कोणी उतारा म्हणत नाही, ‘एक्स्ट्रॅक्ट’च म्हणतात. लायसन्स कधी निघालं, कोणत्या कार्यालयातून निघालं, कोणत्या वर्गाची वाहनं कधीपासून चालवायची मुभा आहे, मुदत कधी संपते, हे त्यावर सरकारी दप्तरातून उतरवलेलं असतं. आजारी माणूस या चालकाच्या हवाली करावा की नाही, याचं उत्तर मालक या कागदांत शोधतो. मुंबईनं हा प्रश्न मोटारी येण्याच्या कितीतरी आधी हाताळायला सुरुवात केली होती.

१८६३ साली मुंबई इलाख्यात सार्वजनिक वाहनांचा कायदा झाला. भाड्याच्या घोडागाडीला परवाना लागायचा, तसा तो हाकणाऱ्यालाही लागायचा आणि त्याच्या अंगावर नंबरचा बिल्ला असायचा. उतारूला गाडीवानाचं नाव-गाव ठाऊक नसलं तरी नंबर लक्षात ठेवून तक्रार करता यायची. अनोळखी माणसाच्या गाडीत बसावं लागणाऱ्या मोठ्या शहराची ही गरज होती. गावात बैलगाडी कोणाची हे सगळ्यांना माहीत असतं. गिरगावातून बोरीबंदरला निघालेल्या उतारूला व्हिक्टोरियावाल्याच्या बिल्ल्यापलीकडे काहीच माहीत नसायचं. १९२० साली या कायद्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. टॅक्सी-रिक्षावाल्यांच्या तोंडी आज जो ‘बॅज’ आहे, तो याच बिल्ल्याचा वारस.

आजाऱ्याला वाहून नेणाऱ्या गाडीची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेनं सुरू झाली आणि ती सुरुवात फार कडवट होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतरच्या महिन्यांत घरोघर झडत्या झाल्या, रुग्णांना उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलं जाऊ लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावानं त्या रुग्णालयावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ ला तर प्लेगच्या तपासणीवरून शहरात दंगल उसळली. रुग्ण न्यायला येणारी गाडी म्हणजे परत न येण्याचा रस्ता, अशी धास्ती वस्त्यांमध्ये बसली होती. त्या गाडीवरच्या माणसाकडे परवाना आहे का, तो कसा हाकतो, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. लोकांना भीती होती ती गाडी पाठवणाऱ्या सरकारची. रुग्णवाहिका चालवणाऱ्याच्या कौशल्याकडे आपल्याकडे इतकं उशिरा लक्ष गेलं, त्याचं एक मूळ इथे असावं. ही गाडी प्रथम आली ती जबरदस्तीची खूण म्हणून. तिच्याकडे सेवा म्हणून पाहायला शहराला बराच काळ लागला.

प्लेगनंच शीवचं रूप बदललं. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दादर, माटुंगा आणि शीवच्या योजना आखल्या. बेटाच्या उत्तर टोकाच्या शेतांत आणि खाजणांत रुंद रस्ते आणि वसाहती उभ्या राहिल्या. शीवचा किल्ला सतराव्या शतकातला, कुर्ल्याकडे जाणारा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. शहरात शिरण्याचं हे दार आधीपासूनच होतं. मोटारी आल्यावर या दारातली वर्दळ शतपटीनं वाढली.

मोटारींबरोबर चालकाच्या कागदालाही नवी पानं आली. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्यानं चालकाला लायसन्स सक्तीचं केलं आणि कोर्टात शिक्षा झाली तर ती त्याच लायसन्सवर नोंदवायची सोय केली. हिंदुस्थानात १९१४ चा मोटार कायदा आला, त्याच्या जागी १९३९ चा अधिक तपशीलवार कायदा आला आणि शेऱ्याची ही पद्धत आपल्याकडेही रुजली. जुन्या चालकांच्या ट्रंकेत अजून सापडणारं ते लायसन्स म्हणजे छोटं पुस्तकच. पहिल्या पानावर फोटो, त्याच्या कोपऱ्यावर अर्धा उमटलेला गोल शिक्का. पुढे नूतनीकरणाचे एकाखाली एक रबरी शिक्के, निरनिराळ्या शाईचे आणि निरनिराळ्या सह्यांचे. ‘हेवी’ची परवानगी नंतर मिळाली असेल तर तीही हातानं लिहिलेली. आणि कोर्टाचे शेरे लिहायला राखलेली कोरी जागा. नोकरी मागायला गेलेल्या चालकाकडून मालक पुस्तक हातात घ्यायचा आणि आधी ती जागा उघडायचा. कोरी असली तर अर्धं काम झालं.

या पद्धतीत एक सरळपणा होता. माणसाची चूक त्याच्याच खिशात राहायची आणि ती दाखवल्याशिवाय त्याला गाडी मिळायची नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, शीवला लष्करानं सोडलेल्या बराकींत महापालिकेनं ५० खाटांचं रुग्णालय सुरू केलं. पुढे १९६४ साली त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलं गेलं. हेच लोकमान्य टिळक रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सायन हॉस्पिटल’. त्याची जागाच अशी की अपघातातला माणूस तिथे येणारच. ठाण्याकडून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग शीवला पोचतो. जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, इथूनच सुरू होतो. पनवेलकडून येणारी वाहतूक इथेच शहरात शिरते, मध्य रेल्वेचे रूळ हाकेच्या अंतरावर आणि पलीकडे धारावी. ट्रॉमा, म्हणजे अपघातातल्या जखमींसाठी वेगळा विभाग उभारणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या रुग्णालयांत याचं नाव घेतलं जातं. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतले माटुंगा-माहीम भागातले जखमी इथेच आणले गेले.

पण ते आणले कोणी? बहुतेकदा रेल्वेच्या हमालांनी, पोलिसांच्या गाड्यांनी, टॅक्सीवाल्यांनी आणि मिळेल त्या टेम्पोनं. विसाव्या शतकातला बराच काळ मुंबईत रुग्णवाहिका म्हणजे अग्निशमन दलाची किंवा रुग्णालयाची मोजकी वाहनं. बाकीची कमतरता धर्मादाय ट्रस्टांनी, गणेशोत्सव मंडळांनी आणि शिवसेनेच्या शाखांनी भरून काढली. परळ-लालबागच्या चाळींत मध्यरात्री कोणाच्या छातीत कळ आली की पोरगा शाखेकडे धावायचा. त्या गाडीवरचा चालक वस्तीतलाच. त्याचं लायसन्स कोणी मागत नसे, कारण त्याच्या वडिलांना सगळे ओळखायचे. या माणसांनी शहरासाठी केलेलं काम कोणत्याही दप्तरात नाही, याची खंत वाटते. पण ओळखीवरची भरती तेवढ्याच वस्तीत चालते, हेही खरं. गिरण्या बंद पडल्या, चाळी पाडल्या गेल्या, माणसं बदलापूर-विरारला गेली आणि वडिलांना ओळखणारं कोणी उरलं नाही.

मग पुन्हा कागदाकडे वळावं लागलं. एव्हाना १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला होता. त्यानुसार व्यावसायिक वाहनासाठी वय २० पूर्ण हवं आणि त्याआधी निदान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स हाती असायला हवं. कोर्टाच्या शेऱ्याची तरतूद राहिली, आणि तिच्या शेजारी माणुसकीची म्हणावी अशी एक तरतूदही. शेरा पडल्यानंतर सलग तीन वर्षं दुसरा पडला नाही, तर चालकानं लायसन्स जमा करावं, पाच रुपये फी भरावी आणि कोऱ्या पानाचं नवं लायसन्स घ्यावं. शेरा फक्त वेगमर्यादा ओलांडल्याचा असेल तर एकच वर्ष पुरे. ब्रिटनमध्ये हेच शेरे गुन्ह्याप्रमाणे चार किंवा अकरा वर्षं नोंदीवर राहतात. आपल्या कायद्यानं चालकाला सुधारायची संधी लवकर दिली. रोजंदारीवर घर चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते योग्यच होतं.

२००५ च्या सुमारास मुंबईत १२९८ या क्रमांकाची खासगी रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. २६ जानेवारी २०१४ ला राज्य सरकारची १०८ सेवा ९३७ गाड्यांसह रस्त्यावर आली. १०८ वर चालकाला ‘पायलट’ म्हणतात. इथे भरती कंपनीमार्फत होते. ज्याची कोणाशी ओळख नाही अशा शेकडो जणांतून माणसं निवडायची, म्हणजे कागदाला पर्याय नाही. तोवर लायसन्सचं पुस्तक जाऊन प्लास्टिकचं कार्ड आलं होतं आणि नोंदी ‘सारथी’ या संगणकीय दप्तरात गेल्या होत्या. कार्डावर शेरा लिहायला जागाच नाही. मालकाला पूर्वी पुस्तकाच्या पानावर दिसायचं ते आता दप्तरातून काढून आणावं लागतं. एक्स्ट्रॅक्टची गरज वाढली ती अशी.

या उताऱ्यासाठी शीवच्या माणसाचा होणारा प्रवासही पाहण्यासारखा आहे. वडाळ्याचं आरटीओ कार्यालय त्याला जवळचं, पण ते पूर्व उपनगरांचं. शीव शहर जिल्ह्यात मोडतं, म्हणून त्याचं लायसन्स बहुधा ताडदेवचं, आणि नंबराची सुरुवात ‘एमएच०१’ नं. त्यापुढचे चार आकडे लायसन्स निघाल्याच्या वर्षाचे, त्यामुळे जाणकार मालकाला नंबर वाचूनच चालकाचा अनुभव कळतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सचा अर्ज राज्यातल्या कोणत्याही कार्यालयात करता येतो. खरी अडचण जुन्या पुस्तकवाल्यांची. लायसन्स संगणकात चढलेलंच नसेल तर उतारा निघणार कशाचा? आधी ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्या, असं खिडकीवर सांगितलं जातं. पंचवीस-तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस अशा वेळी दप्तराच्या लेखी नवखा ठरतो.

व्यावसायिक लायसन्ससाठी आठवी पासची अटही बरीच वर्षं होती. कागद वाचता न येणाऱ्या पण रस्ता वाचणाऱ्या अनेकांना तिनं बाहेर ठेवलं. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये ती काढून टाकली. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोंपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं का, यावरचा वाद तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘येतं’ असा निकाल लागला. लायसन्सवर ‘टीआर’ ही व्यावसायिक वाहनाची नोंद नसल्यामुळे हलकी व्यावसायिक वाहनं चालवताना अडणाऱ्यांना त्यानं मोठा आधार दिला.

तरीही एक्स्ट्रॅक्ट पूर्ण चित्र देत नाही. ऑक्टोबर २०१६ पासून मुंबईत कॅमेऱ्यावरचे ई-चलान सुरू झाले. कॅमेरा टिपतो नंबर प्लेट आणि दंड जातो गाडीमालकाच्या नावावर. गाडी त्या क्षणी कोण चालवत होतं, हे चलानावर नसतं. दुसऱ्याच्या गाडीवर दहा वर्षं सिग्नल तोडत फिरलेल्या माणसाचा उतारा स्वच्छ असू शकतो, आणि स्वतःच्या दुचाकीवर भावानं केलेल्या चुकीचा दंड नेकीनं चालवणाऱ्याच्या नावावर दिसू शकतो. लायसन्स आरटीओकडे, चलान वाहतूक पोलिसांकडे, गुन्हे पोलीस ठाण्याकडे, आणि अर्जदार या तिन्ही दारांत फेऱ्या मारणार. पुस्तकाच्या एका पानावर जे एकत्र होतं ते संगणकानं तीन ठिकाणी वाटलं.

आणि रुग्णवाहिका चालवण्याचं म्हणून जे खास कौशल्य आहे, ते यांपैकी कुठेच नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून शीव स्थानकाजवळचा १९१२ सालचा पूल पुनर्बांधणीसाठी वाहनांना बंद झाला. धारावीकडून रुग्णालयाकडे येणाऱ्या गाड्यांना वळसा पडला. अशा वेळी कोणत्या गल्लीत संध्याकाळी हातगाड्या लागतात हे ठाऊक असणं, स्ट्रेचरवरच्या माणसाचा मणका दुखावलेला असेल तर खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबवणं, मागे डॉक्टर सुई लावत असताना वळण सावकाश घेणं, यावर जीव अवलंबून असतो. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं दहा हजार रुपयांचा दंड ठेवला. रुग्णवाहिकेच्या बांधणीसाठीही सविस्तर मानकं आहेत. पण ती चालवणाऱ्यासाठी आपल्याकडे लायसन्सचा वेगळा वर्ग नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात रुग्णवाहिका चालवायची तर मोटार विभागाकडून स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्यासाठी चालकाचा पूर्वेतिहास तपासला जातो.

असं काही आपल्याकडे नवं शोधावं लागेल, असंही नाही. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघालेले पेट्रोल-डिझेलचे टँकर चेंबूर-वडाळ्याच्या रस्त्यांवर रोज धावतात. त्यांच्या चालकांना १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ प्रमाणे धोकादायक माल वाहण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि तशी नोंद लायसन्सवर करून घ्यावी लागते. ती नोंद नसेल तर टँकर हाती मिळत नाही. रुग्णवाहिकेसाठी तशीच एक नोंद हवी. तिच्यासाठी प्रथमोपचाराचं, स्ट्रेचर हाताळण्याचं आणि सायरन लावून चालवण्याचं प्रशिक्षण ठरवता येईल. चालकाच्या फेऱ्यांची लॉगबुकं प्रत्येक सेवेकडे असतातच. त्यांतली सेवेची वर्षं उताऱ्यावर यायला हवीत. मग शाखेच्या गाडीवर वीस वर्षं रात्रपाळी केलेल्या चालकालाही ताडदेवच्या खिडकीवर आपला अनुभव कागदावर मागता येईल.