एका संयुक्त संख्येचे दोन पुरावे

फ्रेंच धर्मोपदेशक व गणिती मरिन मर्सेन याने १६४४ साली असे विधान केले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ या अकरांसाठीच २ च्या घातातून १ वजा केला असता मूळ संख्या मिळते. यादीतील ६७ या घातांकाची संख्या १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही होय. तिच्याविषयीचे विधान दोन शतकांहून अधिक काळ अबाधित राहिले.

१८७६ साली एदुआर ल्युका याने ही संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध केले. त्याच्या पद्धतीत भाजक शोधावयाचा नसतो. विशिष्ट नियमाने रचलेल्या श्रेणीतील ठराविक पदास त्या संख्येने नि:शेष भाग जातो की नाही, एवढेच पाहावयाचे असते. निर्णय नि:संशय मिळतो. अवयव मात्र अज्ञातच राहतात.

ते अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. अशा अवयवास १३४ ने भागल्यास १, व ८ ने भागल्यास १ किंवा ७ उरावा लागतो. परंतु एवढ्याच अटी लावल्या, तरी लहान अवयवापर्यंत पोहोचताना सात लाखांहून अधिक संख्या तपासणीस उरतात. कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने हे क्षेत्र आणखी संकुचित केले.

त्या सभेत कोल यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार केला, आणि शोधास तीन वर्षांचे रविवार लागल्याचे पुढे सांगितले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती मुख्यत्वे एरिक टेंपल बेल यांच्या १९५१ च्या ग्रंथामुळे रूढ झाली; म्हणजे घटना व कथन यांत जवळजवळ अर्धशतकाचे अंतर आहे. इतिहासकाराने येथे सावध राहणे इष्ट. गुणाकारास मात्र साक्षीदाराची अपेक्षा नाही. तो कोणीही पडताळून पाहावा.

संयुक्तत्व जाणणे आणि अवयव जाणणे या दोन गोष्टींतील हे सत्तावीस वर्षांचे अंतर केवळ योगायोगाचे नव्हते. कानपूर येथील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ साली संख्येचे मूळत्व निश्चितपणे व शीघ्र तपासण्याची रीत दिली. अवयव शोधण्याची तितकी शीघ्र रीत सामान्य संगणकासाठी अद्याप ज्ञात नाही. आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी रचलेली गुप्तलेखनपद्धती याच विषमतेवर उभी आहे.