‘गो’चे ‘गोएड’ का झाले नाही?

‘गो–वेन्ट–गॉन, सिंग–सँग–संग, हेल्प–हेल्प्ड–हेल्प्ड’ हा पाठांतराचा सूर बहुतेकांच्या कानात असेलच. भूतकाळासाठी ‘एड’ लावा, असा नियम आपण फळ्यावर लिहितो आणि लगेच अपवादांची लांबलचक यादी मुलांच्या हाती ठेवतो. एखाद्याने ‘असं का?’ विचारले, तर ‘इंग्रजी भाषाच तशी’ एवढेच उत्तर असते. वास्तविक यातले बरेचसे अपवाद मुळात अपवाद नव्हतेच. ते एका जुन्या नियमाचे अवशेष आहेत.

सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदांचे दोन मोठे गट होते. एका गटात भूतकाळ करताना शब्दाच्या पोटातला स्वर बदलत असे, तर दुसऱ्यात शेवटी ‘द’ किंवा ‘त’ ध्वनीचा प्रत्यय लागत असे. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला याकोब हा मोठा भाषाशास्त्रज्ञ होता. त्याने पहिल्या गटाला ‘सबल’ आणि दुसऱ्याला ‘दुर्बल’ म्हटले, कारण दुसऱ्याला प्रत्ययाची कुबडी लागते! सबल क्रियापदांचे सात वर्ग होते आणि प्रत्येकाची स्वर बदलण्याची रीत ठरलेली होती. सिंग–सँग, ड्रिंक–ड्रँक, स्विम–स्वॅम हे एका वर्गातले. राइड–रोड, राइट–रोट, ड्राइव्ह–ड्रोव्ह हे दुसऱ्या.

संस्कृत शिकलेल्यांना हे फारसे परके वाटू नये. ‘भृ’ धातूची भरति, बभार, भृत ही रूपे आठवा आणि त्यांच्याशेजारी इंग्रजी बेअर–बोअर–बॉर्न ठेवा. मूळ धातू एकच. सिट–सॅट हे आपल्या ‘सद्’ धातूचे भाऊबंद. धातूतला स्वर असा कमीजास्त करण्याची रीत दोन्ही भाषांना एकाच पूर्वज भाषेकडून मिळाली. आपले व्याकरणकार गुण आणि वृद्धी या नावांनी तिचा हिशेब ठेवत. 1786 साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते मांडले, तेव्हा क्रियापदांच्या धातूंतले साम्य हाच त्यांचा एक मोठा आधार होता.

मग ‘एड’ आले कुठून? ‘डू’ म्हणजे ‘करणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप मूळ शब्दाला चिकटून झिजत गेले आणि त्याचा प्रत्यय झाला, असे बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपण ‘फोन केला’, ‘चेक केला’ म्हणतो त्यातलाच हा प्रकार. परका शब्द घ्यायचा आणि त्याला ‘केला’ जोडायचे. त्याच्या पोटातला स्वर कोण बदलत बसणार? 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच क्रियापदांचा लोंढा इंग्रजीत आला. त्यांतल्या जवळपास सगळ्यांनी ‘एड’ स्वीकारले. (कॅच–कॉट आणि स्ट्राइव्ह–स्ट्रोव्ह हे दोन पाहुणे मात्र जुन्या घराच्या रीतीप्रमाणे वागले.) दुर्बल गट असा फुगत गेला आणि जुनी सबल क्रियापदेही एकेक करून त्याला मिळाली. ‘हेल्प’ त्यांतलेच. त्याचा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात ‘होल्पन’ हे रूप सापडते.

कोणती क्रियापदे फितूर झाली आणि कोणती टिकली, याचा हिशेब 2007 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित होती आणि आज 98 आहेत. जे क्रियापद शंभरपट कमी वापरले जाते, ते दहापट वेगाने नियमित होते, असे गणित निघाले. जे रोज तोंडी असते ते प्रत्येक पिढी ऐकूनच शिकते. क्वचित लागणारे रूप आठवत नाही, आणि मग हाताशी असलेला नियम लावला जातो.

‘वेन्ट’ची गोष्ट थोडी निराळी आहे. ते ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचे रूप. त्याआधी ‘गो’चा भूतकाळ ‘एओडे’ होता, म्हणजे तोही उसनाच. हसण्याचे कारण नाही. आपल्या ‘जातो’चे मूळ संस्कृत ‘या’ धातूत आहे आणि ‘गेला’चे ‘गम्’मध्ये.

प्रवास एकाच दिशेने झाला असेही नाही. त्याच 1611च्या बायबलात ‘डिग’चा भूतकाळ ‘डिग्ड’ आहे; आजचे ‘डग’ नंतर रूढ झाले. उच्चाराचेही तेच. मुले ‘वॉकेड’, ‘लुकेड’ असे वाचतात तेव्हा आपण हसतो, पण हा ‘ए’ पूर्वी खरोखरच उच्चारला जात असे. तो गाळून शब्द आखूड करणाऱ्यांवर जोनाथन स्विफ्ट 1712 साली चांगलाच चिडला होता. लोकांनी त्याचे ऐकले नाही!

‘गोएड’ लिहिणाऱ्या मुलाकडे या इतिहासाच्या उजेडात पाहायला हवे. 1958 साली जीन बर्को यांनी अमेरिकेतल्या चार ते सात वर्षांच्या मुलांना ‘ग्लिंग’ असे एक बनावट क्रियापद दिले. बहुतेक मुलांनी भूतकाळ ‘ग्लिंग्ड’ केला. मोठ्यांपैकी अनेकांनी मात्र ‘ग्लँग’ म्हटले. बनावट शब्द कोणी पाठ केलेला नसतो, म्हणजे मुलांना नियम समजला होता. ‘गोएड’ चुकीचे आहे आणि ते दुरुस्त करायलाच हवे. पण त्या मुलाला काहीच येत नाही, असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. ‘हेल्प’च्या बाबतीत सगळ्या इंग्लंडने हेच केले.

आपल्या याद्या वर्णानुक्रमाने लावलेल्या असतात, त्यामुळे मूल आधी अराइज–अरोज–अरिझन घोकते. हे मला उलटे वाटते. आधी सी, टेक, गिव्ह, कम ही रोजची क्रियापदे वाक्यांतून कानावर पडू द्यावीत आणि बाकीची सिंग–ड्रिंक, राइड–राइट अशी कुळाकुळाने द्यावीत.

त्याआधी एक तास मराठीला द्यायलाही हरकत नाही. फळ्यावर करणे–केला, जाणे–गेला, येणे–आला, देणे–दिला, खाणे–खाल्ला, मरणे–मेला लिहा आणि शेजारी खरडणे–खरडला, सरपटणे–सरपटला. यांतली कोणती क्रियापदे आपण दिवसभरात किती वेळा बोलतो, हे मुलांनाच मोजू द्या.