नेगी, मीर रंजन

भारतीय हॉकी गोलरक्षक व प्रशिक्षक. जन्म अल्मोडा (उत्तराखंड) येथे; नोकरी मुंबईच्या कस्टम्स खात्यात केली. गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी केलेले काम मोलाचे आहे, पण त्यांचे नाव निघाले की आधी दिल्लीतला एक सामना आठवला जातो.

तो सामना १ डिसेंबर १९८२ चा. आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुष हॉकीची अंतिम लढत, भारत विरुद्ध पाकिस्तान, दिल्लीचे नॅशनल स्टेडियम. पंतप्रधान इंदिरा गांधी प्रेक्षकांत होत्या. पहिला गोल भारताने केला. त्यानंतर पाकिस्तानने सात गोल चढवले व सामना ७-१ असा जिंकला. हसन सरदार, कलीमुल्ला, हनीफ खान, समीउल्ला अशी ती आघाडीची फळी होती. भारतीय बचाव फुटल्यावर ती थेट गोलरक्षक नेगींवर चाल करून येत राहिली. ३.६६ मीटर रुंद व २.१४ मीटर उंच चौकटीत एकट्याने उभ्या असलेल्या माणसाला अशा वेळी कोन अरुंद करत पुढे सरसावण्याखेरीज फारसे काही करता येत नाही. तरीही पराभवाचे सारे खापर नेगींच्या माथी फुटले. पाकिस्तानकडून पैसे घेतल्याचा आरोपही झाला. त्याला कधीच पुरावा मिळाला नाही, पण त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच संपली. हा उघड अन्याय होता. त्याच स्पर्धेत पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी हॉकीचे सुवर्ण जिंकले होते. त्या यशाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

गोलरक्षण हा हॉकीतील सर्वांत वेगळा पेशा. पॅड, किकर्स, हेल्मेट चढवलेल्या या खेळाडूचा सराव, पवित्रा, चुकीची किंमत, सारेच इतर दहा जणांहून निराळे. ६.४० मीटरवरून पेनल्टी स्ट्रोक येताना पाय कधी हलवायचा, हे ज्याने तो झेलला आहे तोच नेमके सांगू शकतो.

ते मैदानावर परतले ते गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक एम. के. कौशिक होते, तर कर्णधार खडकीचे धनराज पिल्ले. दक्षिण कोरियाविरुद्धची अंतिम लढत १-१ अशी बरोबरीत सुटली आणि निर्णय पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलरक्षक आशिष बल्लाळने स्ट्रोक अडवले व १९६६ नंतर प्रथमच, ३२ वर्षांनी, भारताला या स्पर्धेत हॉकीचे सुवर्ण मिळाले. ज्या जागेवरून नेगींना हिणवले गेले, त्याच जागेने हा सामना जिंकून दिला.

पुढे ते महिला संघाकडे गेले. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इंग्लंडला ३-२ असे नमवले. ममता खरबचा सुवर्णगोल सर्वांना आठवतो. गोलरक्षक हेलन मेरी व तिला घडवणारे प्रशिक्षक त्यामानाने विस्मरणात गेले.

‘चक दे! इंडिया’ (२००७) या चित्रपटासाठी नेगींनी अभिनेत्रींना हॉकी शिकवली. त्यात कर्णधार असलेल्या गोलरक्षकाची भूमिका विद्या माळवदे यांची, तर कोल्हापूरच्या सागरिका घाटगे आघाडीच्या खेळाडू. चित्रपटातला प्रशिक्षक कबीर खान म्हणजे नेगीच, असे सर्रास म्हटले जाते. साम्य आहे ते पाकिस्तानविरुद्धच्या पराभवाचे व खोट्या आरोपाचे. पण खेळाडू म्हणून कबीर खान आघाडीचा होता, आणि लेखक जयदीप साहनी यांनी प्रेरणेचे श्रेय २००२ च्या महिला संघाला दिले आहे.

चित्रपटाच्या आधी, फेब्रुवारी २००४ मध्ये महिलांचा आशिया चषक दिल्लीत झाला. शिवाजी स्टेडियममुळे व १९८२ च्या त्या नॅशनल स्टेडियममुळे हॉकीचे शहर ठरलेली हीच दिल्ली. नेगी संघाच्या प्रशिक्षकवर्गात होते. अंतिम सामन्यात भारताने जपानला १-० असे हरवले. भारतीय गोलात त्या दिवशी एकही चेंडू गेला नाही.