चार तास आणि आठ वर्षं

अमेरिकेत एसईसी नावाची संस्था आहे, म्हणजे आपल्या सेबीचा थोरला भाऊ. तिच्याच महानिरीक्षकाने २००९ साली तिच्यावर लिहिलेला ४५७ पानांचा अहवाल या वीकेंडला चाळत होतो. विषय बर्नी मेडॉफ. सगळी पानं काही वाचून झाली नाहीत, पण जेवढी वाचली तेवढ्यात डोकं भणभणलं.

मेडॉफ तुम्हाला माहीत असेलच. ११ डिसेंबर २००८ ला त्याला अटक झाली आणि लोकांच्या स्टेटमेंटवर दिसणारे जवळजवळ ६५ अब्ज डॉलर फक्त कागदावरच होते हे जगाला कळलं. नव्यांचे पैसे घ्यायचे, जुन्यांना द्यायचे, एवढीच काय ती 'स्ट्रॅटेजी'. पण मला जास्त इंटरेस्ट आहे तो हॅरी मार्कोपोलोसमध्ये.

हा बॉस्टनच्या एका फायनान्स कंपनीत होता. १९९९ च्या सुमारास कंपनीने त्याला सांगितलं, मेडॉफचं आहे तसलं प्रॉडक्ट आपल्यालाही बनवून दे. पठ्ठ्याने आकडे मांडले. घोटाळा आहे हे पाच मिनिटांत कळलं, गणिताने सिद्ध करायला चारेक तास लागले, असं त्याने पुढे अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं. कमाईचा आलेख म्हणजे जवळजवळ ४५ अंशांची सरळ रेघ! बाजार खड्ड्यात जावो नाहीतर आभाळात, साहेबांची रेघ आपली वर. १७४ महिन्यांत तोट्याचे महिने फक्त ७. शिवाय मेडॉफ सांगायचा ती पद्धत एवढ्या रकमेवर वापरायची, तर लागतील तेवढे ऑप्शन्स बाजारात अस्तित्वातच नव्हते.

मे २००० मध्ये त्याने एसईसीच्या बॉस्टन ऑफिसात तक्रार दिली. २००१ मध्ये पुन्हा. नोव्हेंबर २००५ मध्ये धोक्याच्या जवळजवळ तीस खुणा नंबर घालून न्यूयॉर्कला पाठवल्या. आपल्या भाषेत बोलायचं तर इतका चांगला बग रिपोर्ट मी ऑफिसात कधी पाहिला नाही. आणि तरी तिकीट क्लोज्ड!

बरं, कोणी बघितलंच नाही असंही नाही. २००६ मध्ये चौकशी झाली, मेडॉफ समोर बसला, धडधडीत खोटं बोलला. त्याच्याकडून डिपॉझिटरीतल्या खात्याचा नंबरही घेतला. आता फक्त डिपॉझिटरीला विचारायचं होतं की बाबांनो, या खात्यात शेअर्स आहेत का? आपल्याकडे एनएसडीएलला विचारावं तसं. मेडॉफने नंतर तुरुंगात सांगितलं, की त्या शुक्रवारी त्याला वाटलं, संपलं सगळं, सोमवारी पकडणार. सोमवारी कोणी आलंच नाही. कारण कोणी विचारलंच नाही. मार्कोपोलोस हा धंद्यातला प्रतिस्पर्धी, बक्षिसाच्या आशेने बोलतोय, असा मात्र संशय घेतला गेला. जानेवारी २००८ मध्ये फाईल बंद. १९९२ पासून अशा सहा ठोस तक्रारी आल्या होत्या, असं अहवाल म्हणतो. मधल्या काळात किती लोकांनी आपली रिटायरमेंटची पुंजी तिथे नेऊन ठेवली असेल, विचार करा.

असो. यात आपल्या बिरादरीचेही दोघं आहेत, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती खोटी स्टेटमेंट्स आयबीएमच्या एका जुन्या एएस/४०० मशीनवर छापली जायची, आणि त्याचे प्रोग्रॅम लिहिणारे दोन प्रोग्रॅमर होते. २००६ मध्ये दोघांनी मेडॉफला तोंडावर सांगितलं की यापुढे हे करणार नाही. मेडॉफने आपल्या माणसाला सांगितलं, मागतील ते द्या. पगार साधारण २५ टक्क्यांनी वाढला, वर बोनस. दोघं कामावर राहिले. मार्कोपोलोसला जे बाहेरून गणित करून शोधावं लागलं ते यांच्या स्क्रीनवर होतं, पण एसईसीकडे जायचं त्यांना सुचलं नाही.

२०१४ मध्ये दोघांना अडीच-अडीच वर्षांची शिक्षा झाली. आपण कशासाठी कोड लिहितोय हे माहीतच नव्हतं, असा त्यांचा बचाव होता. ज्युरीला तो पटला नाही.