कापडी फलक : मुंबईतील कामगार संघटनांचे व समाजांचे

मोर्चा, संप, द्वारसभा, पालखी किंवा जयंतीची मिरवणूक यांत संघटनेचे वा समाजाचे नाव आणि मागणी दाखवण्यासाठी शिवून-रंगवून तयार केलेले कापड. बोलीत याला ‘बॅनर’ म्हणतात. काठीला लावलेला निशाणवजा बावटा आणि दोन बांबूंमध्ये ताणलेला अक्षरांचा फलक ही त्याची मुख्य रूपे होत. इंग्लंडमध्ये या कलेला रेशीम आणि तैलचित्रांचे रूप आले. १८३७ मध्ये लंडनमध्ये व्यवसाय सुरू केलेल्या जॉर्ज टटिल यांच्या पेढीने तेथील असंख्य संघटनांचे चित्रमय फलक बनवले आणि डरॅमच्या खाणकामगारांच्या मेळाव्यात (पहिला १८७१) असे फलक आजही मिरवले जातात. मुंबईचा फलक मात्र सुती आहे, त्यात चित्रापेक्षा अक्षर मोठे असते आणि तो बहुधा एका लढ्यापुरता केलेला असतो.

पूर्वपीठिका. मिरवणुकीत कापडाने ओळख सांगण्याची रीत कामगार चळवळीहून जुनी आहे. वारीतील दिंडीपुढे झेंडेकरी गेरूच्या रंगाची पताका घेऊन चालतात. पालखीपुढे निशाण असते. कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला होड्या बावट्यांनी सजतात. गिरणगावात आलेला कोकणातला आणि घाटावरचा कामगार ही रीत सोबत घेऊनच आला. चाळीतल्या भजनी मंडळाची पताका आणि युनियनचा बावटा एकाच हाताने धरलेला असे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना १९२० मध्ये याच शहरात झाली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात गिरणी कामगार युनियन पुढे आली व ती ‘लाल बावटा’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी काढलेल्या कलापथकानेही हेच नाव घेतले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात (१९५५–६०) कामगारांचे आणि समित्यांचे फलक एकाच मोर्चात दिसू लागले.

रंग व चिन्हे. दुरून आधी रंग ओळखू येतो, अक्षर नंतर. लाल कापडावर कोयता-हातोडा ही डाव्या संघटनांची खूण. इंडियन नॅशनल ट्रेड युनियन काँग्रेसशी (इंटक, १९४७) जोडलेल्या संघटना तिरंगी पट्टे वापरतात. भारतीय मजदूर संघ (१९५५) आणि शिवसेनेची भारतीय कामगार सेना (१९६८) या दोघांचेही कापड भगवे असल्यामुळे तेथे चिन्हानेच फरक कळतो : पहिल्याकडे चक्र, मूठ व कणीस, तर दुसरीकडे वाघ. आंबेडकरी चळवळीचा निळा रंग शेड्युल्ड कास्ट फेडरेशनपासून (१९४२) रुजला. १४ एप्रिलच्या मिरवणुका आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणारे जथे यांत वस्तीचे नाव लिहिलेले निळे फलक पुढे असतात. जेथे युनियनचा सभासद रात्री आंबेडकर जयंतीच्या किंवा पालखीच्या मंडळातही असतो, अशा वस्त्यांत एकच पेंटर लाल, निळ्या व भगव्या तिन्ही रंगांची कामे करतो.

कृती. कापड बहुधा मांजरपाट किंवा तत्सम पातळ सुती असते. फलकाची उंची कापडाच्या पन्ह्यावर आणि लांबी मजकुरावर ठरते. दोन्ही टोकांना बांबू जाईल एवढा नेफा शिवतात. भिंतीवर खिळ्यांनी किंवा जमिनीवर कापड ताणून खाली जुनी वर्तमानपत्रे घालतात, कारण रंग पाठीमागे उतरतो. खडू लावलेली दोरी ताणून फटकारली की सरळ रेघा उमटतात. त्यांत अक्षरे खडूने आखून मग चपट्या ब्रशने भरतात.

लाल कापडावर पांढरा किंवा पिवळा आणि पांढऱ्यावर लाल किंवा निळा ही नेहमीची जोडी. सफेदा सरसात किंवा डिंकात कालवला तर लवकर वाळतो आणि कापडाची घडी होते. पावसात मात्र तो ओघळतो. तैलरंग पाण्यात टिकतो, पण वाळायला वेळ घेतो आणि कापड ताठ करतो. त्यामुळे उद्याच्या मोर्चाचे काम आणि पावसाळ्यातल्या संपाचे काम यांचे रंग वेगळे. मोठा फलक वाऱ्याने शिडासारखा फुगू नये म्हणून त्यात अर्धचंद्राकार काप देतात.

खरी कसोटी देवनागरीची आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा सोडावी लागते. म्हणून पट्टीची सगळी उंची अक्षराच्या अंगाला मिळत नाही. ‘राष्ट्रीय’, ‘संघर्ष’, ‘श्रमिक’ यांसारखे शब्द घाईत आखले तर ओळ शेवटी चेपते. जाणता पेंटर आधी अक्षरे मोजतो, मधल्या शब्दापासून दोन्हीकडे आखत जातो आणि जोडाक्षराला दीड घर देतो. कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत आपले नाव टाकतो.

प्रकार. फलक ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. नावाच्या फलकावर संघटनेचे नाव, १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखालचा नोंदणी क्रमांक, संलग्नता आणि कार्यालयाचा पत्ता असतो. तो जाड कापडाचा, कधी झालर लावलेला असतो आणि घडी करून कार्यालयात ठेवला जातो. मागणीचा फलक बोनस, बडतर्फी, करार अशा एका प्रश्नापुरता असतो. साखळी उपोषणाच्या फलकावर ‘... वा दिवस’ असे लिहून आकड्याची जागा मोकळी सोडतात आणि तेथे रोज नवा कागद चिकटवतात. मागणी मान्य झाली किंवा संप फिसकटला की हे कापड सावलीसाठी, गाठोडे बांधण्यासाठी किंवा पुसण्यासाठी जाते.

माहुल व पूर्व उपनगरे. माहुल हे चेंबूरजवळचे खाडीकाठचे कोळी गाव. १९५४–५५ मध्ये येथे स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले; आज ते अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियमकडे आहेत. शेजारी ट्रॉम्बेला खत कारखाना आणि वीजकेंद्र आले. परिणामी होडीचा बावटा, पालखीचे निशाण आणि कारखान्याच्या फाटकावरचा युनियनचा फलक एका पंचक्रोशीत आले. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत दगडखाणीच्या कामगारांपासून संघटनेकडे वळले. भांडुप-मुलुंडच्या इंजिनिअरिंग कारखान्यांत फाटकासमोरची द्वारसभा हेच फलकाचे मुख्य ठिकाण होते.

तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडल्यानंतर तेथील रहिवाशांना माहुलच्या ७२ इमारतींत पाठवण्यात आले. प्रदूषणामुळे तेथे राहणे अशक्य असल्याचे सांगत त्यांनी २०१८ च्या अखेरीस विद्याविहार येथे ठिय्या दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना घरभाड्यापोटी दरमहा १५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. कारखान्याच्या फाटकावरचा फलक पगार मागत असे; येथे त्याच परिसरात फलकावरची मागणी हवेची आणि घराची झाली.

बदल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. युनियनचे फलक उरले, पण त्यांवरची मागणी बोनसवरून घरांवर आली. २००० नंतर फ्लेक्सने हाताचे काम मागे टाकले. प्लास्टिकच्या पातळ पटावर काही तासांत छपाई होते आणि छायाचित्र फुकट बसते. म्हणून पुढाऱ्याचा चेहरा मोठा आणि मागणीची ओळ लहान झाली. बेकायदा फलकबाजीवर उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कडक आदेश दिले. बावटे मात्र अजून शिवलेच जातात, कारण काठीवर फडकायला कापडच लागते.

कालनिर्णय व जतन. मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये ब्रिटिश फलकांचा मोठा संग्रह आहे. मुंबईचे कापड टिकवण्यासाठी केलेलेच नव्हते, त्यामुळे अभ्यासकाला मुख्यतः जुन्या छायाचित्रांवर अवलंबून राहावे लागते. ‘नाहीं’, ‘येथें’ असे अनुच्चारित अनुस्वार दिसले तर फलक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचा, किंवा जुन्या वळणाच्या पेंटरचा, समजावा. पत्त्यातील दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असेल तर तो या शतकातला. संलग्नतेची ओळ संघटनेतील फूट वा विलीनीकरण सांगते. म्हणून फलक जतन करताना रंगलेल्या मोठ्या ओळीइतकीच तळाची बारीक ओळही वाचता येईल असे छायाचित्र घेणे आवश्यक ठरते.